पाभरीनं अडवलेले दाणे

मित्रांनो, मी एक जुनी पाभर आहे. पाभर म्हणजे पेरणीचं लाकडी अवजार. हे आता सांगावं लागतं. तुमच्या आज्याला सांगावं लागलं नसतं. माझं अंग बाभळीचं, जमीन चिरणारे फण चार, आणि वर बी सोडायची वाटी. तिला चाडं म्हणतात. चाड्यातलं बी बांबूच्या नळ्यांतून थेट जमिनीच्या पोटात जातं.

पारनेर तालुक्यातल्या एका घरी मी आले, त्याच साली चांगुणा तिथं सून म्हणून आली. दोघी कोऱ्या, दोघी तोऱ्यातल्या. पहिल्याच रब्बीला आम्ही ज्वारी इतकी वरवर पेरली, की निम्मी चिमण्यांनी खाल्ली आणि निम्मी सुकली. सासरा बांधावरून ओरडला, "पाखरांना जेवान घातलंस का गं?" ते बोलणं चांगुणा विसरली नाही. पुढं चाळीस वर्षं मातीत मनगटापर्यंत हात घालून ओल बघितल्याशिवाय तिनं मूठ सोडली नाही. लोक आमचे सरळ तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, बघून म्हणायचे, "पेरणी म्हणावी तर चांगुणाबाईची." माझं नाव कुणी घेतलं नाही. तेही मी लक्षात ठेवलं आहे.

मग तिचा मुलगा काकासाहेब घराचा कर्ता झाला. त्यानं ट्रॅक्टरनं पेरायचं ठरवलं. चांगुणा म्हणाली, "बाबा, ऊन लई हाय. बी खोल जाऊ दे." तर चारचौघांत हसून म्हणतो कसा, "आई, तू ओट्यावर बस. तुला यंत्रातलं काय कळतंय?"

मला गोठ्यामागं टाकलं. माझा एक फण काढून शेळी बांधायला जमिनीत ठोकला. अंगावर कोंबड्या बसायच्या, आणि बसल्या की कोंबड्या काय करतात ते मी सांगत नाही.

मी मनाशी एकच धरलं: ह्याची पेरणी फसू दे. त्या रानात घराची वर्षाची भाकर होती, दोन म्हशींचा कडबा होता. असू दे, म्हटलं. फसू दे.

आणि फसली! यंत्रानं बी वरवर टाकलं आणि ते उन्हात सुकलं. आठ दिवस झाले, रानात एक कोंब नाही. चौथा फण जागेवर असता तर मी नाचले असते.

काकासाहेब खाली मान घालून आईपुढं आला. ट्रॅक्टर दुसऱ्या गावी अडकला होता, आणि खालच्या मातीतली ओल दोन दिवसांच्या वर टिकणार नव्हती.

"आई, आता काय करू?"

"यंत्राला इचार की," चांगुणा म्हणाली. शाब्बास, म्हटलं!

त्याला चांगलं घटकाभर उभं ठेवून मग ती म्हणाली, "शेजारच्या आप्पासाहेबाचे बैल मागून आन. आन् पाभर धू. तूच धू, गडी नगं."

त्यानं बोटांनी माझ्या अंगावरची घाण खरवडली. खुंटा उपटून फण परत बसवला. शेळी बघत उभी होती.

काकासाहेबानं बैल हाकले, चांगुणानं चाड्यावर मूठ धरली, आणि मी डाव साधला. एका नळीत दाणे अडवून धरले. ज्यानं माझा फण शेळीला दिला, त्याला मी का पिकवून देऊ?

चार पावलांत चांगुणाला चाड्यात साचलेले दाणे दिसले. तिनं बैल थांबवले, काडीनं नळी मोकळी केली आणि मला एक चापट मारली.

"रागावलीस व्हय? मी बी रागावलेय. अजून सा महिनं त्याच्याशी धड बोलनार न्हाई. पर म्हशींनी काय केलंय गं आपलं?"

बी किती खोल सोडायचं हे कळलं, म्हणजे शहाणपण आलं, असं मी चाळीस वर्षं समजत होते. ते नुसतं काम येणं होतं. राग कुठवर न्यायचा, हे चांगुणाला कळत होतं. मला त्या तासात कळलं. पुढं मी एक दाणा अडवला नाही.

सहाव्या दिवशी रानात कोंब दिसले. एका ओळीत मात्र चार पावलं मोकळी होती.

"आई, हितं काहीच उगवलं न्हाई."

"व्हय. ती पाभरीची चूक हाय. तुझी चूक तर सारं रान हुतं."

मित्रांनो, जुन्या माणसाला ओट्यावर बसवायचं तर बसवा, पण आधी त्याला विचारा. जुनं अवजार ठेवून द्यायचं तर द्या, पण पुसून ठेवा. आणि तुमचा कुणी अपमान केला, तर राग गिळा असं मी सांगणार नाही. काकासाहेबावरचा माझा राग अजून आहे आणि राहील. कधी त्याच्या नडगीला माझा फण लागला, तर मला वाईट वाटणार नाही. पण त्याच्या घरातल्या कुणाची भाकर मी पुन्हा अडवणार नाही.