दुखणं गेलं

गुणाजीबुवांचा डावा हात दोन्ही हातांत धरून अँब्रोजने त्यावर ओठ टेकवले, तेव्हा दिवाणखान्यात खसखस पिकली.

बुवांची सारंगी नुकतीच गवसणीत गेली होती. कल्याणच्या व्यापाऱ्याकडची सकाळची बैठक मोडत होती आणि त्याचा कारकून विश्राम पानाचं तबक फिरवत होता.

"अरे, हे बुवा आहेत, तुमचे पाद्री नव्हेत," तो म्हणाला. "नि धरायचा तर उजवा तरी धर."

पण ज्या बोटांतून तोडी निघाली, तीच अँब्रोजला हवी होती. ठाण्याकडच्या मिठागरावरचा हा गडी ख्रिस्ती लग्नांत फिडल वाजवी. राणीच्या ज्युबिलीला साहेबांपुढे वाजवून आला, तेव्हापासून तो असा चढून गेला की गावात त्याच्याशी सरळ बोलायची सोय उरली नव्हती. बुवांसमोर मात्र त्याला घाम फुटला होता. शिष्य करून घ्या, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

मान वर करताना त्याला दिसलं. ओठ टेकले तिथे चिलमीच्या निखाऱ्याने आलेला ताजा फोड होता, आणि तो फुटला होता. बुवांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती.

"लागलं का, बुवा?"

बुवांनी ते बोट परक्याचं असावं तसं पाहिलं आणि खुशीत हसले. चाळीस वर्षं तार नखाच्या मुळाशी घासून जीव नकोसा व्हायचा. गेल्या पावसाळ्यापासून सगळं थांबलं होतं.

"दुखणं गेलं बघ. देवाची कृपा. आता दिवसभर बसतो."

अँब्रोज हात सोडायचं विसरला. त्याचा बापही असाच हसला होता, पायाच्या चिरांना मीठ झोंबत नाही म्हणून. आईने त्या आनंदात चर्चमध्ये मेणबत्ती लावली. तीन वर्षांत बापाची बोटं आखडली, आणि महारोगी म्हणून गावाने त्याला खाडीकाठी वेगळी झोपडी बांधून दिली. त्याचं जेवण दुरून सरकवलं जाई. अँब्रोजही दुरूनच सरकवी.

आता तोंडातून शब्द काढला, तर बुवांची ही शेवटची बैठक. विश्राम हातभर अंतरावर उभा होता.

"काय मागायला आलास?" बुवांनी विचारलं.

"शिकवा मना."

बुवांनी त्याला खालीवर न्याहाळलं. महिन्यातून एकदा येत जा, म्हणाले.

"एकदा नको. रोज येन. हाय ते सगलं शिकवा, बुवा. यंदाच."

"घाई कसली रे एवढी?"

शिष्य अधाशी निघाला, असं म्हणत बुवांनी विश्रामकडून हरभरे नि गूळ मागवला. गुरूने शिष्याला पहिला घास स्वतःच्या हाताने भरवायचा, ही त्यांची रीत होती.

घास समोर आला. उजव्या मनगटावर, बाहीच्या कडेला, एक फिकट चट्टा होता. अँब्रोजने तो पुरता पाहिला. मग हात जोडले आणि घासासाठी तोंड उघडलं.