दिवाळीनंतरचा खून

आसारामनं आजवर कशालाच चांगलं म्हटलं नव्हतं. कुणाच्या लग्नातली बुंदी असो की ओढ्यावरचा नवा पूल, त्याला खोट सापडायचीच. अशा नवऱ्यासमोर आपला पिक्चर लागणार म्हणून भिवराबाईचं सकाळपासून कशात लक्ष लागत नव्हतं.

पिक्चर गावातल्याच युवराजनं काढला होता. पुण्यात शिकता शिकता पोराच्या डोक्यात कोर्टकचेरीचं खूळ शिरलं होतं. खून, वकील, जज्ज, सगळं होतं त्यात. घाटनांदूरचा गाड्या दुरुस्त करणारा पाशा सरकारी वकील झाला होता आणि भिवराबाई आरोपीची आई. दुसरा पिक्चरही तिच्याशिवाय होणार नाही, असं युवराज म्हणत होता; पण तो निघणार दिवाळीनंतर, आणि तेव्हा तर कारखान्यावर ऊस तोडायला जायचं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. ती मागं राहिली, तर आसाराम अर्धा कोयता, मजुरीही अर्धीच. तिला मात्र दुसराही पिक्चर करायचाच होता. "आधी ह्यो बघू, मंग बोलू," एवढंच तो म्हणाला होता.

उन्हाळ्याचे दिवस, सगळं गाव परत आलेलं. शाळेच्या पटांगणात पडदा लागला. काळा कोट घातलेल्या पाशाचा आवाज असा काही घुमला, की त्याची बायको जरीना आपल्याच नवऱ्याकडे नव्यानं बघायला लागली.

मग खून झाला. दिवाळीनंतर, ऐन थंडीत, मारुतीच्या पारावर, आणि अर्ध्या गावानं तो डोळ्यांनी बघितला. झालं! आसाराम उठून उभा राहिला.

"आरं, दिवाळीनंतर गावात हाय कोन? आमी समदे कारखान्यावर गेलतो की! म्हाताऱ्यांनी बघितला व्हय खून?"

पटांगण हसून लोळायचं बाकी राहिलं. त्यात शूटिंग भर उन्हाळ्यातलं, त्यामुळे पडद्यावरचे साक्षीदार स्वेटर घालून घामानं निथळत होते. "थंडीत घाम कावून आला बे?" मागून कुणीतरी ओरडलं. युवराज मान खाली घालून बसला. गेला आपला दुसरा पिक्चर, असं भिवराबाईला वाटलं आणि तिला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात पडद्यावर ती साक्षीला उभी राहिली. "सायब, माझं लेकरू त्या रातीला घरीच व्हतं. माझ्या हातची भाकर खाऊन माझ्याजवळ निजलं व्हतं."

हसणं थांबलं. पाशा वकील गरजला, "बाई, तुम्ही खोटं बोलताय!"

"ए पाशा!" आसाराम अजून उभाच होता. "नीट बोल! ती खोटं बोलत न्हाई!"

"म्या न्हाई मामू, युवराजनं लिहून दिलतं," पुढच्या सतरंजीवरून पाशा म्हणाला.

शेवटी खुनी निघाला तो मुलगाच. त्यानं खून का केला, हे सांगायचं युवराज विसरून गेला होता. आसारामनं त्याला पडद्यामागं गाठलं.

"पोरगं घरी व्हतं म्हनून ती सांगती, आन् तू त्यालाच खुनी करतो?"

"काका, आई खोटं बोलते, गोष्टच तशी आहे."

"तुझी गोष्ट चुकली. तिचं न्हाई चुकलं." आसाराम जायला वळला आणि थांबला. "पुढचा पिक्चर उन्हाळ्यात काढ. खूनबी उन्हाळ्यातच कर. समदं गाव असतंय बघाया."

मागोमाग आलेल्या भिवराबाईला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. तिला हवं होतं ते मिळालं होतं, कोयता न मोडता.

घराच्या दाराशी आल्यावर आसारामनं हळूच विचारलं, "भिवरे, पोरगं त्या रातीला खरंच घरी व्हतं न्हवं?"

"व्हतं की," ती म्हणाली.

"मंग झालं," म्हणून तो निवांत झोपायला गेला.