आंबट सफरचंदं

सुवर्णानं मैद्यात लोण्याचे तुकडे टाकले आणि सवयीनं ते दोन्ही हातांनी चोळायला घेतले, तोच इलानं तिचं मनगट धरलं.

"आजी, नो! हातानी नाही. बटर मेल्ट होईल!"

"अगं, मोहन चोळल्याशिवाय खुसखुशीत कसं व्हायचं?"

"हे वेगळं असतं. इट हॅज टु स्टे कोल्ड. मम्मा फोर्कनी करते."

बोलून गेल्यावर इलानं हळूच आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चौथीतली पोर, पण कुठला शब्द या घरात जपून काढायचा हे तिला एव्हाना कळायला लागलं होतं. सुवर्णाच्या मनाला तेच फार लागलं. तिनं हात झटकले, ड्रॉवर उघडला आणि आतला एक काटा उचलला.

"दाखव बाई, मम्मा कशी करते ते."

मुलगा ऋषी आणि सून आश्लेषा वेगळे झाले ती बातमी सुवर्णाला सांगलीत फोनवर कळली होती. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, मोठं भांडणही नव्हतं. दोघांचं जमेना, आणि जमत नाही हे दोघांनी शहाण्यासारखं कबूल केलं, एवढंच. आश्लेषानं अमेरिकेतल्या त्याच गावात, ईडन प्रेरीतच, तलावाच्या पलीकडच्या अंगाला एक अपार्टमेंट घेतलं. इला आठवडाभर तिच्याकडे आणि शुक्रवार ते रविवार बाबाकडे. "आई, तू मध्ये पडू नकोस," ऋषी तेव्हा म्हणाला होता. "तिला फोन करू नकोस. प्लीज." सुवर्णानं केला नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, हजारो लोकांचे फोन जोडून दिले; आणि जिचं बाळंतपण आपण या हातांनी केलं, जिला न्हाऊमाखू घातलं, डिंकाचे लाडू करून घातले, तिला मात्र एक फोन लावायचा नाही.

सप्टेंबरात सुवर्णा इथे ऋषीकडे आली, तेव्हापासून दर शुक्रवारी ती खिडकीशी उभी राही. आश्लेषाची गाडी दाराशी थांबे, पाठीवरची बॅग सावरत इला उतरे, गाडी वळून निघून जाई. एकदा काचेआडून हात वर झाल्यासारखा वाटला. तो हात आपल्यासाठी होता की केस सारण्यासाठी, हे काही सुवर्णाला ठरवता आलं नाही.

सफरचंदांचा बेत इलाचाच. दर वर्षी पानं लाल व्हायला लागली की मम्मा तिला बागेत न्यायची, दोघी पिशवी भरून सफरचंदं तोडून आणायच्या आणि त्यांचे टर्नओव्हर करायच्या. टर्नओव्हर म्हणजे इकडची सफरचंदाची करंजीच, फक्त तळायच्या ऐवजी भाजलेली. ते मग कोपऱ्यावरच्या चार घरांत वाटायचे. यंदा हे होईल की नाही, हे तिनं कुणाला विचारलं नाही. फक्त शुक्रवारी जेवताना म्हणाली, "हॅरलसन ॲपल्स आत्ताच मिळतात. नंतर संपतात." ऋषीला असल्या गोष्टींचा एरवी कंटाळा, पण तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "उद्या जाऊ."

बागेत गोड, रसाळ सफरचंदांनी लगडलेली झाडं सोडून इला त्यांना टोकाच्या रांगेत घेऊन गेली. सुवर्णानं एक चावून पाहिलं आणि डोळे मिटले.

"आंबट आहे गं!"

"हे खायचे नाही, आजी. हे बेकिंगचे. गोडवाले आत जाऊन मश होतात."

आता रविवारची दुपार होती. ऋषी मागच्या अंगणात गळलेली पानं ओढून गोळा करत होता. काचेच्या दारातून तो दिसत होता. दोघींनी पारी लाटली, चौकोन कापले, सफरचंदाच्या फोडी साखर-दालचिनी लावून आत भरल्या, कडा काट्यानं दाबल्या. ट्रे ओव्हनमध्ये गेला तेव्हा सगळं कसं चित्रासारखं दिसत होतं.

बाहेर आला तेव्हा निम्म्यांची तोंडं उघडली होती. रस सगळीकडे वाहून करपला होता, खालची पारी ओलीगच्च होती आणि मागच्या रांगेचे कोपरे काळे पडले होते.

इला रडली असती तर सुवर्णाला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. तिनं उलथनं घेतलं आणि एकेक टर्नओव्हर सोडवून ताटलीत ठेवू लागली.

"इट्स ओके, आजी. आपण घरीच खाऊ. नेबर्सना या वर्षी नाही दिले तरी चालतंय."

चालतंय. हे असं समजूतदार बोलणं ती कधी शिकली? सुवर्णा तिच्या पाठीकडे बघत राहिली. एवढ्याशा खांद्यांनी आणखी काय काय चालवून घेतलं असेल, कोण जाणे. तिनं ॲप्रनला हात पुसले.

"तुझ्या मम्माला फोन लाव."

इलाचं उलथनं थांबलं. "नाउ? पण बाबा..."

"बाबाचं मी बघते. तू लाव."

टॅबलेटवर आश्लेषाचा चेहरा आला. केस वर बांधलेले, चष्मा नवीन. "हाय बच्चा, काय झालं?"

इलानं टॅबलेट आजीकडे वळवला.

आश्लेषाचे ओठ एका ओळखीच्या शब्दासाठी उघडले आणि तो शब्द न उच्चारताच मिटले. सुवर्णाला ते दिसलं.

"तुम्ही... कशा आहात?"

"मी बरी आहे. पण आमच्या करंज्यांनी दगा दिलाय. हे बघ." तिनं ट्रे कॅमेऱ्यासमोर धरला.

आश्लेषा पुढे वाकली आणि न राहवून हसली. "बाप रे! फोडी तशाच भरल्यात ना? साखर लावल्यावर त्यांना पाणी सुटतं. आधी चाळणीत निथळत ठेवायच्या. आणि ते पाणी टाकायचं नाही हं, आटवून पाकासारखं करून परत त्यातच घालायचं."

"आणि पारी?"

"भरायच्या आधी पुन्हा फ्रिजमध्ये. लोणी जितकं गार तितके पदर सुटतात. आपल्या कडकडीत मोहनाच्या अगदी उलट आहे सगळं."

"उलटच म्हणायचं. जन्मभराचं शिकलेलं आता विसरा."

"आणि तो ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतो. अर्ध्यात ट्रे फिरवायचा, नाहीतर..." बोलता बोलता ती अडखळली. या घरातल्या ओव्हनबद्दल आपण अजून इतक्या हक्कानं बोलतो आहोत, हे जणू तिच्या तेवढ्यात ध्यानात आलं.

"चाळणी कुठे आहे पण?" सुवर्णानं घाईनं विचारलं. "मी आल्यापासून पाहिलीच नाही."

त्याच वेळी काचेचं दार सरकलं. ऋषी आत आला, हातात बागकामाचे मोजे, केसांत एक पान अडकलेलं. त्यानं आईकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या पडद्याकडे. इलानं चटकन मान खाली घातली. सुवर्णानं मात्र नजर हटवली नाही.

"हाय," ऋषी म्हणाला.

"हाय." आणि मग आश्लेषाच म्हणाली, "चाळणी सिंकच्या वरच्या कपाटात आहे. उजवीकडे, मागे. आय थिंक ऋषीचाच हात पोचेल."

ऋषीनं मोजे काढले. कपाट उघडलं, आत हात घालून चाचपलं आणि चाळणी बाहेर काढली. वर धूळ बसली होती. तो सिंकशी गेला, ती साबणानं नीट धुतली, फडक्यानं पुसली आणि आईच्या पुढ्यात ठेवली.

"पानं राहिलीत अजून," असं म्हणून तो परत बाहेर गेला.

दुसरा घाणा जमला. पारीला पदर सुटले, वर बदामी रंग आला. इला प्लेट घेऊन चारही घरी जाऊन आली आणि रिकामी प्लेट नाचवत परतली. उरलेले टर्नओव्हर सुवर्णानं एका डब्यात भरले. इलाला सोडायची वेळ झाली तशी तिनं साडीवर जॅकेट चढवलं, पायात बूट घातले.

ऋषी किल्ली घेऊन उभा होता. "आई, तू?"

"डबा गरम आहे. कुणीतरी मांडीवर धरायला हवा."

अपार्टमेंटच्या खाली ऋषीनं गाडी लावली आणि स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाला, "मी इथेच थांबतो."

दार आश्लेषानं उघडलं. इला डोकं आत खुपसून, बूट भिरकावून पळाली. आश्लेषा नमस्काराला अर्धवट वाकली, करावा की नाही अशी. सुवर्णानं तिला खांद्याला धरून उभं केलं. पोरगी वाळली होती.

"या ना आत," ती म्हणाली, आणि मग, जिना चढताना दम खावा तसा दम खाऊन, "या, काकू."

लग्न ठरण्याआधी ती सांगलीला आली होती तेव्हा याच नावानं हाक मारायची. लग्नानंतरही कितीतरी दिवस तोंडातून 'काकू' जायचं आणि मग जीभ चावून ती 'आई' म्हणायची. सुवर्णाला आत कुठेतरी कळ आली. तिनं ती येऊ दिली आणि जाऊ दिली.

"मला कळतच नव्हतं काय म्हणू," आश्लेषा जमिनीकडे बघत म्हणाली. "कितीदा वाटलं फोन करावा. पण पहिलाच शब्द अडायचा. आई म्हणायचा आता हक्क नाही आणि नुसतं अहो, तुम्ही करत बोलणं... ते जमेना."

"काकू बरं आहे," सुवर्णा म्हणाली. "सासूला फोन करायचा तर सतरा विचार करावे लागतात. काकूला काय, केव्हाही करावा."

घर लहान होतं. टेबलाला दोनच खुर्च्या, भिंतीवर इलाची चित्रं, खिडकीत तुळशीचं एक रोप. आश्लेषानं डबा उघडला, उभ्या उभ्याच एक टर्नओव्हर उचलला आणि घास घेतला.

"वेलची घातलीत!"

"तेवढं राहवलं नाही माझ्यानं."

ती हसली आणि खात राहिली. सगळा संपवला, बोटांना लागलेला पाकही चाटला. मग हात धुवायला सिंककडे वळली आणि पाठमोरीच उभी राहिली. हात धुऊन झाले तरी नळ वाहतच होता. सुवर्णा खुर्चीवरून उठली नाही. टेबलावर पडलेला पारीचा चुरा ती बोटाच्या टोकानं एकेक वेचत राहिली. बराच वेळ.

फोन वाजला. ऋषीच होता.

"आई, किती वेळ? निघू या ना?"

सुवर्णानं खिडकीतून खाली पाहिलं. अंधारायला लागलं होतं, गाडीचे दिवे चालू होते.

"अरे, तू जा घरी. मला आश्लेषा सोडेल." फोन कानाशी तसाच धरून तिनं मागे वळून विचारलं, "सोडशील ना गं?"

ओल्या हातांनी, ओल्या डोळ्यांनी आश्लेषानं मान हलवली.

"जेवायला?" ऋषीनं विचारलं.

"आमटी आहे फ्रिजमध्ये. गरम करून घे. भात कुकरमध्ये आहे."

"बरं," तो म्हणाला. आणि मग, फोन ठेवता ठेवता, "सावकाश ये."

खाली गाडी हळूच मागे आली, वळली आणि रस्त्याला लागली.

आश्लेषानं नळ बंद केला. "घरात काहीच नाहीये, काकू. पिठलं चालेल?"

"चालेल की," सुवर्णा म्हणाली. आणि जॅकेटची चेन उघडून ते तिनं खुर्चीच्या पाठीला अडकवलं.