एक्केचाळीस नंबर

"एक्केचाळीस नंबर आज टाकून दे, फ्रीजरमध्ये जागा नाही," सर मला म्हणाले आणि मावशींचा चेहरा खर्रकन उतरला.

मावशी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. निवृत्तीला चार दिवस उरलेले. विषाणूच्या कवचाला नेमकं ओळखून चिकटणारी प्रतिपिंडं मिळावीत म्हणून त्यांनी अकरा महिने पेशी वाढवल्या होत्या, पोटच्या पोरांसारख्या. त्यात एक्केचाळीस नंबरची सगळ्यात लाडकी. पण तिची प्रतिपिंडं कवचाला चिकटतच नाहीत, असा निकाल मी तीनदा दिला होता. मी नवी संशोधक. अनुभव बेताचा, तोरा भारी.

सर गेल्यावर मावशींनी विचारलं, "काय गं, कवचाचा नमुना कसा तयार करतेस?"

"सगळे करतात तसाच. आधी पाच मिनिटं उकळायचा."

"आणि उकळल्यावर कवच राहतं होय?"

कवच म्हणजे एकमेकांत अडकलेल्या प्रथिनांचा चेंडू. उकळला की उसवलाच. एक्केचाळीसला ओळख असेल ती अख्ख्या चेंडूची, आणि मी शहाणी तिच्यापुढे चिंध्या धरत होते.

"चल, आत्ता बघू. टाकायच्या वस्तू न्यायला चारला येतात," मावशी म्हणाल्या.

पांढऱ्या कागदावर कवचाच्या नमुन्याचे दोन थेंब ठेवले. डावा उकळलेला, उजवा जसाच्या तसा. मग एक्केचाळीसची प्रतिपिंडं, मग धुणं, शेवटी प्रतिपिंडं चिकटली असतील तिथेच उमटणारा रंग. डावीकडे काहीच उमटलं नाही. उजवीकडे आधी करडी सावली आली आणि बघता बघता गर्द जांभळा ठिपका.

"दिसला गं बाई," म्हणत मावशींनी माझा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. मला नाचावंसं वाटत होतं आणि लाजही वाटत होती.

मी धावत जाऊन सरांना ओढून आणलं. त्यांनी तो ठिपका तीनदा पाहिला.

"फक्त अख्खं कवच ओळखते? लस तपासायला अशीच तर हवी होती. मावशी, हिला कायमची जपायची. फॉर्म भरा."

फॉर्मवर 'पेशी तयार करणारी व्यक्ती' असा रकाना होता. मावशी सवयीने सरांचं नाव लिहायला लागल्या.

"तिथे तुमचं," सर म्हणाले.

मावशींनी हातमोजे काढले, हात धुतले, कोरडे केले. त्या टेबलाशी त्या नेहमी उभ्याच असत. आज खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश, वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.