दोन मशिनींचा एकच आकडा

नमिताच्या पेणच्या लॅबमध्ये सीताबाईंचं एसजीपीटी अठ्ठ्याण्णव आलं होतं. यकृत दुखावलं की रक्तात वाढणारं हे एन्झाइम. मिठागरात जन्म गेलेली ही बाई क्षयाच्या गोळ्यांवर होती आणि हल्ली तिला अन्नाचा वासही सोसत नव्हता. एकशेवीसच्या वर गेलं तर गोळ्या ताबडतोब बंद, नाहीतर यकृत कामातून जायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण खाली असेल तर गोळ्या उगाच सोडणंही वाईट. म्हणून नमिताने त्याच रक्ताचा थोडा भाग बर्फाच्या डब्यातून रोह्याच्या आपल्या दुसऱ्या लॅबमध्ये पाठवला.

तिथून तंत्रज्ञ रितेशचा फोन आला. "मॅडम, सत्त्याण्णव. जुळलं."

नमिताचा जीव भांड्यात पडला. तिने डॉक्टरांना कळवलं, डॉक्टरांनी सीताबाईंना गोळ्या चालू ठेवायला सांगितलं. मग रितेशला शाबासकी द्यावी म्हणून तिने परत फोन लावला.

"आता जुळणारच," रितेश खुशीत म्हणाला. "मध्ये इथलं तुमच्या दीडपट येत होतं. लोक दोन्ही रिपोर्ट घेऊन भांडायला यायचे. मग मी इथल्या मशीनचा गुणायचा फॅक्टर खाली आणला, तुमच्याशी जुळवून टाकलं. आता एक तक्रार नाय."

"कधी केलंस हे?"

"झाला असेल पंधरवडा."

रितेश गुणी, पण भांडणाला भारी भ्यायचा; आणि पेणचं ते खरं, हे त्याने मनाशी धरलेलं. तीन आठवड्यांपूर्वीच नमिताने स्वतः पेणच्या मशीनला नव्या खोक्यातलं कॅलिब्रेटर लावलं होतं. ज्याच्यावरून मशीन मोजायला शिकतं ते हे द्रावण, आणि दर खोक्याची ताकद वेगळी. तिने फ्रीज उघडला. बाटलीवर एकशे बारा. स्क्रीनवर अजून जुन्या खोक्याचे पंचाहत्तर. नवा आकडा भरायचाच राहून गेला होता, म्हणून मशीन सगळंच कमी दाखवत होतं. चूक तिची, आणि बिचाऱ्या रितेशने रोह्याचं खरं बोलणारं मशीनसुद्धा त्याच चुकीच्या पंगतीला आणून बसवलं होतं.

आकडा भरून तिने उरलेलं रक्त पुन्हा लावलं. मशीन घरघरत राहिलं. तिला बसवेना, उभंही राहवेना. एकशे सेहेचाळीस.

डॉक्टरांचा फोन व्यस्त. तिने सरळ सीताबाईंना लावला.

"मावशी, गोळ्या घेतल्या?"

"हातात हायत गो. माझी लेक अनिता पाणी आणाया गेलीय."

"तोंडात टाकू नका. रिपोर्ट चुकला, माझ्याच हातून. तिथंच थांबा, मी गाडी घेऊन येते, दवाखान्यात जाऊ."

पलीकडे गोळ्या डबीत परत टाकल्याचा आवाज आला.

"अनिता मघाशी म्हणत व्हती, आये, तुझे डोळे पिवळे दिसतात," सीताबाई सावकाश म्हणाल्या. "मीच गप केली तिला. म्हटलं, पेणची मशीन आन् रोह्याची मशीन, दोघी मिळून खोटं बोलतील व्हय?"