लाल दवा

विहिरीचं पाणी गुलाबी झालं होतं आणि वस्तीतल्या बाया खूश होत्या.

पोळा तोंडावर आलेला. शुक्रवारी तलावामागच्या त्या वस्तीत उत्तरा सकाळीच कागदी बाशिंगांची टोपली घेऊन आली होती. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवतात, त्यांच्यासाठी ही इवलीशी बाशिंगं. पतंगी कागद, बेगड आणि मोरचूद घातलेली खळ एवढ्यावर त्यांच्या सेवा मंडळाचा सगळा कारभार चालला होता. साल सदतीसचं. आदल्या पावसाळ्यात हैज्याच्या, म्हणजे पटकीच्या साथीनं ही वस्ती पार झोडपून काढली, तेव्हा कॉलेजातल्या चार-पाच जणांनी ठरवलं की कागदाच्या वस्तू विकून या विहिरीला पक्का कठडा बांधून द्यायचा, म्हणजे रस्त्यावरचं घाण पाणी आत जाणार नाही.

विहिरीवर जिजाबाई घागर भरत होती. वस्तीतल्या बाया तिचं ऐकत, आणि मंडळातली पोरं तिला जरा भीतच.

"पाह्य वं पोरी," ती म्हणाली, "कमेटीनं लाल दवा टाकली. तुमीच अर्ज केला असन."

उत्तरानं घागरीत डोकावून पाहिलं. फिकट, पण नक्की गुलाबी. हैज्याच्या दिवसांत म्युनिसिपल कमेटीचा माणूस विहिरीत लाल दवा टाकी, तेव्हा असंच दिसे. त्या वेळी बायांनी शिव्या घातल्या होत्या. मग ज्या विहिरींत दवा पडली तिथली माणसं वाचली, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून गुलाबी पाण्याला मान आला.

"कधी टाकली, जिजाबाई?"

"परवा दिसली मले. दवा मोठी कडक आहे बाई, अजून उतरून नाही राहिली." तिनं नातीच्या हातात गडवा दिला. "पी वं मने. पोटात गेली का रोग पळाला."

मनकर्णानं गडवा तोंडाला लावला आणि गटागटा रिकामा केला.

उत्तरानं टोपली उचलली आणि ती वळली. रस्ताभर ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. उतरून नाही राहिली. लाल दवा म्हणजे परमँगनेट. घाणीशी झुंजता झुंजताच ते संपतं, रंग जाणं हीच त्याच्या कामाची खूण. इतक्या घाण विहिरीत ते सकाळी टाकलं तर संध्याकाळपर्यंत दिसू नये. परवापासून टिकलेलं गुलाबी हे दुसरंच काहीतरी होतं.

शहरातल्या महाल भागात, मैत्रीण कौसल्येच्या घराच्या पडवीत मंडळ बसलं होतं. मधुसूदन वकिलीचं शिकत होता आणि मंडळाचा अध्यक्ष होता, म्हणजे कातरी क्वचितच हाती धरी. गिरिधर खळ ढवळत होता.

"आल्या सायन्सवाल्या," मधुसूदन म्हणाला. "टोपली तशीच परत? एवढी गंभीर चर्या घेऊन गेलं तर कोण घेणार बाशिंग? गिऱ्हाइकाला वाटतं, बैल आजारी आहे."

कौसल्या हसली. उत्तरा बसली, एक कागद घडी करून कापायला लागली आणि मधोमधच कापला. दुसरा घेतला. तोही गेला.

"गिरिधर, पडवी गळली तेव्हा लाल कागदाचा गठ्ठा भिजला होता. त्याचं काय केलंस?"

"वस्तीत नेला. म्हटलं, बाया वाळवून चुलीला लावतील. तर गठ्ठ्याला हात लावला की हात लाल. जिजाबाई म्हणाली, हे सोंग घेऊन जा इथून." त्यानं खांदे उडवले. "मग दिला डबक्यात टाकून. बैल धुतात, कपडे धुतात, त्या डबक्यात."

उत्तरानं कातरी खाली ठेवली. डबकं विहिरीपासून हाकेच्या अंतराहूनही जवळ होतं. मध्ये काळा खडक, भेगा पडलेला.

"विहिरीचं पाणी गुलाबी झालंय," ती म्हणाली. "तो आपल्या कागदाचा रंग आहे. रंग पोचला, म्हणजे डबक्यातलं बाकीचं सगळं आधीपासूनच पोचतंय. वस्तीला वाटतंय लाल दवा टाकलीय. एरवी निदान कोणी उकळून तरी पीत होतं. आता मुलांना मुद्दाम पाजताहेत."

खळ ढवळणारा हात थांबला.

"हे वस्तीत बोललीस?" मधुसूदननं विचारलं.

"अजून नाही."

"मग तान्हा पोळा होऊन जाऊ दे. विक्रीचे दिवस आहेत. आपल्याच मंडळानं विहीर रंगवली असं गावभर झालं तर बाशिंग कोण विकत घेईल? आणि कठडा कशावर बांधायचा?"

"कठड्यानं वरचं पाणी अडेल. हे खालून येतंय. डबकं बुजवल्याशिवाय कठड्याचा उपयोग नाही."

"लोकांना आपण कठडा सांगितलाय, उत्तरा. डबकं बुजवायला कोण देणार?"

"ते पाणी पिताहेत, मधुसूदन."

"आधीही पीतच होते."

त्याला ते वाईट अर्थानं म्हणायचं नव्हतं. बोलून गेल्यावर त्याचा चेहराच सांगत होता. पण शब्द पडवीत पडून राहिले. उत्तरा उठली, बसली, पुन्हा उठली. कौसल्येनं विचारलं, "कुठे निघालीस वं?" तेव्हा तिच्या पायात चपला चढल्याही होत्या.

वाटेत तिनं औषधाच्या दुकानातून परमँगनेटची पुडी घेतली आणि भाजीवालीकडून लिंबं. ऊन तापलं होतं, तरी ती जवळजवळ पळत होती. सकाळीच बोलायला हवं होतं. पण खात्री नसताना बोलायचं नाही, ही तिची सवय; आणि तेवढ्या वेळात किती गडवे रिकामे झाले असतील, हा हिशेब तिला करवत नव्हता.

विहिरीवर दुपारची गर्दी होती. तिनं सरळ जाऊन गराडीच्या चाकावरचा दोर धरला.

"दोर सोड," जिजाबाई म्हणाली.

"आधी माझं ऐका. ही लाल दवा नाही."

"काहून नाही? आमाले डोये नाहीत का?"

"दोन पेले द्या मला."

बायांना गंमत वाटली. कोणीतरी म्हणालं, "मास्तरीण जादू करून राहिली." पितळी पेले आले, त्यांत रंग नीट दिसेना, मग एका घरून चिनी मातीच्या पांढऱ्या बशा आल्या. एका बशीत उत्तरानं विहिरीचं पाणी घेतलं. दुसरीत चौकातल्या नळावरून मागवलेलं पाणी घेऊन पुडीतला एक कण टाकला. दोन्ही बशा गुलाबी झाल्या, अगदी बहिणी-बहिणी.

"ही खरी दवा, ही तुमची विहीर," ती म्हणाली आणि दोन्हींत लिंबू पिळलं.

खऱ्या दवेचा रंग बघता बघता मावळला. विहिरीचं पाणी गुलाबीच राहिलं.

"मंग हे काय आहे?" जिजाबाईनं हळू विचारलं.

"आमचा कागद. भिजलेला गठ्ठा आम्ही डबक्यात टाकला. तो रंग खडकाच्या भेगांतून इथं आला. आणि ज्या वाटेनं रंग आला, त्याच वाटेनं डबक्यातली घाण रोज येते."

सगळ्यांचे डोळे डबक्याकडे गेले. एक म्हैस त्यात बसून रवंथ करत होती.

"म्हंजे तुमी आमाले चांगलं पानी द्याले आले," एक बाई म्हणाली, "अन् रंग पाजला."

"हो," उत्तरा म्हणाली.

त्या बाईनं कडेवरच्या पोराची जीभ बाहेर काढून पाहिली. दुसरीनं भरलेली घागर जमिनीवर उलटी केली, मग तिसरीनं. जिजाबाईनं मात्र आपली घागर बराच वेळ धरून ठेवली.

"ते डबकं बुजवा लागते?"

"हो. तोवर पाणी चौकातल्या नळावरून आणायचं, नाहीतर खळखळून उकळायचं. मी सांगते मंडळाला. ऐकलं नाही तर मीच फावडं घेऊन येते."

"तुह्या हातानं पावशेर माती निघनार नाही," जिजाबाई म्हणाली आणि घागर ओतून दिली. दोर गराडीवरून काढून तिनं खांद्यावर टाकला. "घरोघरचे मानसं येतीन संध्याकाळी. चाला वं, नळावर."

बाया निघाल्या. उत्तरा त्यांच्याबरोबर गेली नाही. ती जिजाबाईच्या दाराशी थांबली. आत मनकर्णा जमिनीवर बसून चिंचोके खेळत होती.

"मने, पोट दुखतं का गं?"

पोरीनं नाही म्हणून मान हलवली आणि चिंचोके पुन्हा वर उडवले. उत्तरा उंबऱ्यावर बसली. डबक्यातून म्हशीला हाकलण्याचा आवाज येत होता, पण तिनं तिकडे पाहिलं नाही. ती पोरीचा चेहरा बघत होती. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं.