ठेंगणं दार

फुकटात तंबू ठोकायच्या जागा हुडकण्यात आपला हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कुणी नाही, असं गुफरानला वाटायचं. लॉजवाल्यांना पैसे देणं म्हणजे त्याला मूर्खपणा वाटे. कुर्डुवाडीच्या पुढं उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं, की कोरडी जमीन उघडी पडते. तिथं त्यानं दिवस कलताना तंबू उभा केला. जागा अशी सपाट, जणू कुणी सारवून ठेवलेली.

शेळ्या घेऊन परतणारी एक म्हातारी त्याला बघून थांबली. तंबूपासून दहा पावलांवर तिनं चपला काढल्या, उंबरा ओलांडावा तसा पाय उचलला आणि वाकून पुढं आली.

"वाकलात कशाला, मावशी?"

"दार ठेंगणं हाय की. हे भीमाप्पाचं घर. गाव धरणात गेलं तवा सगळी उठली, म्हातारा तेवढा उठला न्हाय." तिनं तंबूच्या कोपऱ्याकडं बघितलं. "ऱ्हावा तुमी. त्याला पावना लई आवडायचा."

ती गेल्यावर गुफरान हसला. ना भिंत, ना चौकट, नुसती भेगाळलेली माती. तरी त्यानं उजेड आहे तोवर तंबू उतरवला, पिशवीत कोंबला आणि ताठ मानेनं गाडीकडं निघाला.

दहाव्या पावलाला त्याचं कपाळ कशावर तरी जोरात आदळलं. समोर उघडं रान होतं.

"वाकून, पावनं," मागून एक थकलेला आवाज मायेनं म्हणाला.

गुफरान वाकला.